विंचवाचे विष आणि रक्तवाहिनीची दारे

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

पिंपरी म्हटले की डोळ्यांपुढे कारखाने उभे राहतात, भोंगे, पाळ्या, सुट्या भागांनी भरलेले ट्रक. पण याच पिंपरीत हाफकिन जीव-औषध निर्माण महामंडळाच्या विभागात घोडेही पाळले जातात, आणि ते काही शर्यतीसाठी नव्हेत. घोड्याला सापाचे विष अगदी थोड्या मात्रेने, पुन्हा पुन्हा टोचतात. त्याच्या रक्तात त्या विषाला निकामी करणारी द्रव्ये तयार होतात. मग ते रक्त काढून, शुद्ध करून सर्पदंशावरचे इंजेक्शन बनवतात. विंचवाच्या विषावरचे औषधही हाफकिनने याच रीतीने तयार केले. त्यासाठी वापरला तो आपला महाराष्ट्राचाच लाल विंचू. कोकणात आणि सह्याद्रीच्या दोन्ही अंगांना, दगडाखाली, विटांच्या ढिगात, पत्र्याच्या शेडच्या सांदीकोपऱ्यात सापडणारा.

आज मी बोलणार आहे ते याच विंचवाच्या विषातल्या एका कणाबद्दल आणि त्याने उघड केलेल्या एका गोष्टीबद्दल. विंचवाचे विष म्हणजे एकच पदार्थ नव्हे. ते अनेक छोट्या छोट्या प्रथिनांचे मिश्रण असते आणि प्रत्येकाचे लक्ष्य निराळे. १९९० साली अमेरिकेतल्या मर्क कंपनीच्या प्रयोगशाळेतील संशोधकांनी आपल्या या लाल विंचवाच्या विषातून ३७ अमायनो आम्लांची एक चिमुकली साखळी वेगळी काढली. तिला नाव दिले आयबेरिओटॉक्सिन. तिचे वैशिष्ट्य असे की ती शरीरातल्या एकाच प्रकारच्या दाराला जाऊन बूच बसवते आणि शेजारच्या तशाच दिसणाऱ्या दारांना हातही लावत नाही. हे दार असते पोटॅशियमचे, आणि ते फार मोठ्या संख्येने आढळते रक्तवाहिन्यांच्या स्नायूंमध्ये.

आता हे स्नायू कोणते? दंडाचा, पोटरीचा स्नायू आपण हवा तेव्हा हलवतो. पण धमनीच्या भिंतीत, श्वासनलिकांत, आतड्यात, मूत्राशयात, गर्भाशयात निराळेच स्नायू असतात. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांच्यावर आडव्या रेषा दिसत नाहीत, म्हणून त्यांना अरेखित स्नायू म्हणतात. ते आपल्या हुकमात नसतात. त्यांचे काम सावकाश चालते, पण एकदा आवळले की तासन् तास तसेच राहू शकतात आणि त्यासाठी शक्तीही फार खर्च करत नाहीत. आपला रक्तदाब किती राहील, दम्याच्या रुग्णाचा श्वास मोकळा होईल की कोंडेल, हे या स्नायूंच्या ताणावर ठरते.

आणि हा ताण किंचित बदलला तरी परिणाम केवढा होतो बघा. नळीतून द्रव वाहण्याचा वेग तिच्या त्रिज्येच्या चौथ्या घातावर अवलंबून असतो. धमनी फक्त दहा टक्क्यांनी अरुंद झाली, तर तिच्यातून जाणारे रक्त दहा टक्क्यांनी नव्हे, जवळजवळ एक तृतीयांशाने कमी होते. त्रिज्या निम्मी झाली तर उरतो सोळावा हिस्सा.

हा ताण ठरवतो कोण? स्नायू आवळायला पेशीच्या आत कॅल्शियम लागते. पेशीबाहेर कॅल्शियम आतल्यापेक्षा सुमारे दहा हजार पट जास्त असते आणि आत घुसायला ते टपलेलेच असते. पेशीच्या पटलात कॅल्शियमची दारे आहेत, पण ती विजेच्या दाबावर उघडतात. पेशीचा आतला भाग बाहेरच्या तुलनेत ऋण असतो, धमनीच्या स्नायूत साधारण उणे ४० ते ५० मिलिव्होल्ट. हे ऋणपण घटले की कॅल्शियमची दारे उघडतात, वाढले की मिटतात. चार-पाच मिलिव्होल्टचा फरकसुद्धा पुरतो.

इथे पोटॅशियम येते. त्याचा हिशेब कॅल्शियमच्या उलटा. पेशीच्या आत ते भरपूर, एका लिटरमागे सुमारे १४० मिलिमोल, आणि बाहेर रक्तात जेमतेम चार-पाच. म्हणून पोटॅशियमचे दार उघडले की ते बाहेर पडते आणि जाताना आपला धन विद्युतभार घेऊन जाते. आतला भाग आणखी ऋण होतो, कॅल्शियमची दारे मिटतात आणि स्नायू सैलावतो. पोटॅशियमचे दार बंद झाले की नेमके उलटे घडते, स्नायू आवळतो.

चाकणच्या रस्त्यावर रात्री मालवाहू गाड्या उभ्या असतात. चालक गाडी लावून खटका ओढतो तेव्हा 'फुस्स' असा आवाज येतो, तो आपण सगळ्यांनी ऐकला आहे. अनेकांना वाटते की हवेने ब्रेक लागला. प्रत्यक्षात हवा निघून गेल्यामुळे ब्रेक लागतो. चाकाशी एक दणकट स्प्रिंग असते आणि ती ब्रेक दाबून धरायला सदैव तयार असते. हवेचा दाब आहे तोवर तिला मागे रेटून ठेवले जाते. धमनीच्या स्नायूचे असेच आहे. आवळण्याची तयारी कायमच असते, आणि पोटॅशियमची गळती चालू आहे तोवर त्याला मागे रेटून ठेवलेले असते. ती गळती थांबवायला स्वतंत्र जोर लावावा लागत नाही, नुसते दार मिटले तरी पुरे.

मग खरा प्रश्न असा की या दारावर हात कोणाचा? उत्तर आहे, अनेकांचा. पोटॅशियमच्या दारांचे या स्नायूत निदान चार प्रकार आहेत आणि प्रत्येक प्रकार वेगळ्या हाकेला ओ देतो. त्यांतला आयबेरिओटॉक्सिनने बंद होणारा प्रकार मला सर्वांत विलक्षण वाटतो, म्हणून त्याच्यापाशी जरा थांबतो.

या दारातून पोटॅशियम प्रचंड वेगाने बाहेर पडते. ते दोन गोष्टींनी उघडते, आतले ऋणपण घटल्यावर आणि आतले कॅल्शियम वाढल्यावर. आता गंमत बघा. कॅल्शियम वाढले की स्नायू आवळतो, असे मी आत्ताच सांगितले. मग तेच कॅल्शियम स्नायूला सैल करणारे दार कसे उघडते? याचे उत्तर १९९५ मध्ये अमेरिकेतील व्हरमाँट विद्यापीठात मार्क नेल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिले. कॅल्शियमच्या संपर्कात आल्यावर चमकणारे रंगद्रव्य त्यांनी धमनीच्या पेशींत भरले आणि वेगवान सूक्ष्मदर्शकातून पाहिले. पेशीच्या कडेला, पटलाला अगदी खेटून, कॅल्शियमच्या क्षणिक ठिणग्या उडताना दिसल्या. पेशीतल्या कोठारातून थोडेसे कॅल्शियम एका बिंदूपाशी सुटते आणि विझते. ठिणगी इतकी छोटी की सबंध पेशी आवळण्याइतके कॅल्शियम तिच्यात नसते. पण शेजारच्या पोटॅशियमच्या दारांपाशी मात्र त्या क्षणी त्याची दाटी होते आणि दारे उघडतात. एकच कॅल्शियम, पेशीभर पसरले तर आवळते, कडेला ठिणगीसारखे उडाले तर सैल करते. जागा कोणती यावर अर्थ बदलतो.

याचा उपयोग काय? १९०२ साली विल्यम बेलिस या इंग्रज शरीरक्रियातज्ज्ञाने दाखवले होते की धमनीतला दाब वाढला की ती फुग्यासारखी फुगत नाही, उलट आवळते. मेंदू, मूत्रपिंड अशा नाजूक अवयवांना त्यामुळे दाबाच्या लाटेपासून संरक्षण मिळते. पण हे आवळणे असेच वाढत गेले तर रक्तच थांबेल. म्हणून त्याला आतूनच लगाम हवा, आणि हे कॅल्शियमने उघडणारे दार तो लगाम आहे. १९९२ मध्ये नेल्सन यांनीच ब्रेडन यांच्याबरोबर मेंदूच्या छोट्या धमन्या दाबाखाली ठेवून त्यांवर पश्चिम आशियातल्या एका विंचवाच्या विषातला अशाच जातीचा घटक सोडला. लगाम सुटला आणि धमन्या आणखी आवळल्या.

या दाराला एक जोडभाग असतो, कॅल्शियमची चाहूल दाराला नीट लागावी म्हणून बसवलेला. २००० साली संशोधकांनी हा जोडभाग जन्मतःच नसलेले उंदीर तयार केले. ठिणग्या उडत होत्या, दारेही जागेवर होती, पण त्यांना ठिणगी धड 'ऐकू' येत नव्हती. त्या उंदरांचा रक्तदाब वाढलेला होता. पुढे २००४ मध्ये स्पेनमधल्या एका अभ्यासात माणसांत या जोडभागाचा एक जनुकीय प्रकार आढळला. तो असलेल्यांची दारे अधिक सहज उघडतात आणि त्यांच्यात खालचा रक्तदाब वाढण्याचे प्रमाण कमी दिसले. आपण रक्तदाबाला नेहमी मीठ, वजन आणि चिंता एवढ्यांतच बसवतो. ते खरेच आहे, पण त्याच्याखाली एवढी बारीक यंत्रणा चाललेली असते.

दुसऱ्या प्रकारचे दार पेशीतल्या इंधनाकडे पाहते. पेशीचे इंधन म्हणजे एटीपी. ते मुबलक असले की हे दार बंद, टंचाई आली की उघडते. रक्तवाहिन्यांत हे १९८९ साली दिसून आले. फोर्जिंगच्या खात्यात घण उचलणाऱ्या कामगाराच्या दंडाला प्राणवायू कमी पडू लागतो, तेव्हा तिथल्या धमन्या रुंदावतात. त्यामागे बरीच कारणे आहेत, त्यांपैकी एक हे दार. उच्च रक्तदाबावरचे मिनॉक्सिडिल हे औषध हेच दार उघडते. ते घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढू लागले आणि मग तेच टकलावर चोळायचे औषध म्हणून विकले जाऊ लागले! पण हे दार जन्मापासून सैल असेल तर? कँटू या नावाचा एक दुर्मीळ आजार आहे. त्यात बाळ अंगभर दाट केस घेऊन जन्मते, त्याचे हृदय मोठे असते आणि रक्तवाहिन्या रुंदावलेल्या असतात. २०१२ मध्ये कळले की दोष याच दाराच्या जनुकात आहे. गंभीर जंतुसंसर्गात रक्तदाब कोसळतो, तेव्हाही ही दारे प्रमाणाबाहेर उघडी राहतात. मधुमेहातली ग्लायबेनक्लामाइड ही गोळी स्वादुपिंडातले असेच दार बंद करते. म्हणून ती अशा रुग्णांना देऊन पाहिली गेली, पण रक्तदाब काही सावरला नाही. शरीर एकाच दारावर विसंबत नाही, हेच यातून दिसते.

बाकी दोन प्रकारांपैकी एक केवळ विजेच्या दाबावर चालतो. दुसरा बाहेरचे पोटॅशियम थोडे वाढले की उघडतो, आणि मेंदूचा जो भाग काम करत असेल तिथे जास्त रक्त पोचवायला मदत करतो.

आता बाहेरून येणारे हुकूम. कारखान्याच्या गेटवर पास दाखवावा लागतो आणि त्यावर शिक्का लागतो. पेशीतही काही एन्झाइमे दाराच्या प्रथिनावर फॉस्फेटचा शिक्का मारतात. एका जातीचा शिक्का दार उघडतो, दुसऱ्या जातीचा बंद करतो. रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड हा वायू झिरपतो, तो उघडणारा शिक्का मारायला लावतो. या वायूच्या शोधाबद्दल फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद यांना १९९८ चे नोबेल मिळाले. छातीत कळ आली की जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेटची गोळी याच वाटेने काम करते. दम्याच्या पंपातले साल्ब्युटामॉल दुसऱ्या एका संदेशामार्फत श्वासनलिकेच्या स्नायूत उघडणारा शिक्का मारते. त्याचा पोटॅशियमच्या दारावरचा परिणाम १९८९ मध्ये जपानी संशोधकांनी दाखवला. साल्ब्युटामॉलला आणखीही वाटा आहेत, पण ही एक महत्त्वाची.

इथे आपल्या औद्योगिक पट्ट्यातल्या लोकांसाठी थोडे विषयांतर करतो. वाहनांच्या रंगकामात जे दोन भाग मिसळून वापरायचे रंग असतात, त्यांतल्या आयसोसायनेटमुळे दमा जडू शकतो, हे जगभर सिद्ध झाले आहे. असा कामगार पंप ओढतो, नलिका तेवढ्यापुरती सैल होते आणि तो पुन्हा बूथमध्ये जातो. पण पंपाने स्नायू सैल होतो, आतली सूज उतरत नाही. आठवड्यात दोनतीनदा पंप लागू लागला तर उपचार बदलायला हवेत, आणि त्याहून आधी कामाची जागा.

आता बंद करणारा शिक्का. भीती, वेदना, थंडी यांत मज्जातंतूंच्या टोकाशी नॉरअ‍ॅड्रेनालीन सुटते. ते धमनीच्या स्नायूवरील अल्फा नावाच्या ग्राहकाला चिकटते आणि दोन कामे एकदम करते. कोठारातले कॅल्शियम पेशीभर सोडते आणि पोटॅशियमच्या दारांवर 'बंद'चा शिक्का मारते. म्हणजे स्प्रिंग ढकलायची आणि हवाही सोडून द्यायची.

आणि इथेच आपण विंचवाकडे परत येतो. लाल विंचू डसला की विषातले मुख्य घटक मज्जातंतूंच्या सोडियमच्या दारांना उघडे धरून ठेवतात. मज्जातंतू थांबेचनात. अ‍ॅड्रेनालीन आणि नॉरअ‍ॅड्रेनालीन यांचा लोंढा रक्तात येतो. हातपाय बर्फासारखे गार पडतात, दरदरून घाम फुटतो, उलटी होते, रक्तदाब चढतो. आवळलेल्या रक्तवाहिन्यांविरुद्ध रक्त ढकलता ढकलता हृदय थकते, फुफ्फुसात पाणी साचते आणि तोंडातून गुलाबी फेस येऊ लागतो. आयबेरिओटॉक्सिन या गोंधळात सामील असले तरी मुख्य आरोपी ते नव्हे, हे मुद्दाम सांगितले पाहिजे. त्याचे मोठेपण प्रयोगशाळेत आहे.

रायगड जिल्ह्यात महाडजवळ बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ पासून असे रुग्ण पाहत होते. तीव्र विषबाधा झालेल्या दर तीनचार रुग्णांमागे एक दगावत असे, त्यात मुले बरीच. रुग्णाच्या उशाशी बसून त्यांनी तासातासाला नोंदी ठेवल्या आणि ताडले की हृदयाला चाबूक मारून उपयोग नाही, आवळलेल्या वाहिन्या सैल करायला हव्यात. आधी त्यांनी नायट्रोप्रुसाइड वापरले. ते शिरेतून थेंबथेंब द्यायचे, आणि वर मी सांगितलेल्या नायट्रिक ऑक्साइडच्याच वाटेने ते काम करते. परिणाम दिसला, पण त्यावर क्षणोक्षणी लक्ष ठेवावे लागते. खेड्यातल्या केंद्राला ते झेपणारे नव्हते. मग त्यांनी प्राझोसिन निवडले, रक्तदाबाची साधी, स्वस्त गोळी. ती अल्फा ग्राहकावर जाऊन बसते, म्हणजे बंद करणारा हुकूम दारापर्यंत पोचतच नाही. १९८६ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात ही माहिती आली. गोळी वेळेत मिळाली तर मृत्यूचे प्रमाण शंभरात एकदोनवर येते, हे पुढे दिसले. डॉ. बावस्कर यांना २०२२ मध्ये पद्मश्री मिळाली.

त्यांनी हे केले तेव्हा कॅल्शियमच्या ठिणग्या कुणाला ठाऊक नव्हत्या. आयबेरिओटॉक्सिन वेगळे काढले गेले नव्हते. गार पडलेल्या हातावर आपला हात ठेवून त्यांनी जे ओळखले, त्याचे रेणूंच्या भाषेतले उत्तर नंतर आले.

मग दारे थेट उघडणारी औषधे सरसकट का वापरत नाहीत? कारण हीच दारे सगळीकडे आहेत. क्रोमाकॅलिमसारखी औषधे दम्यासाठी तपासली गेली, पण श्वासनलिका पुरेशी खुलण्याआधीच डोके दुखू लागे. त्याच्याच जोडीदाराची, लेव्हक्रोमाकॅलिमची, २०१९ मध्ये कोपनहेगनच्या संशोधकांनी अर्धशिशीच्या १६ रुग्णांवर चाचणी घेतली, तर सोळाच्या सोळा जणांना अर्धशिशीचा झटका आला. औषध म्हणून ते फसले, पण अर्धशिशी कुठून सुरू होते याचा माग त्यातून लागला. डोके दुखवून का होईना!

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. चाकण, म्हाळुंगे, तळवडे या भागांत बांधकाम चालू आहे. मुरूम उपसला, दगड हलवले की विंचू बाहेर पडतात आणि जवळच्या पत्र्याच्या खोल्यांत शिरतात. पायताण झटकून घालावे, अंथरूण जमिनीवर असेल तर झाडून घ्यावे. दंश झाल्यावर नुसते दुखत असेल तर घाबरू नये. पण घाम, उलटी, गार हातपाय, धाप यांपैकी काही दिसले, विशेषतः लहान मुलाला, तर मंत्र उतरवण्यात वेळ घालवू नये, तडक रुग्णालयात न्यावे. प्राझोसिन घरी स्वतःहून देऊ नये. पहिल्या गोळीनंतर उभे राहिल्यावर रक्तदाब एकदम उतरू शकतो. ती पडून राहून आणि डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायची असते.

घोड्याच्या रक्तातले प्रतिविष या गोळीबरोबर दिल्याने किती फरक पडतो, हेही महाडला तपासले गेले. २०११ मध्ये ७० रुग्णांचा अभ्यास 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आला. नुसते प्राझोसिन मिळालेल्या ३५ पैकी ८ जण दहा तासांत पूर्ण लक्षणमुक्त झाले होते. दोन्ही मिळालेल्या ३५ पैकी ३२. गोळी आवळलेल्या वाहिन्या सोडवते, पण रक्तात फिरणाऱ्या विषाला ती हात लावत नाही. ते काम प्रतिविषाचे, आणि विष मज्जातंतूंना चिकटून बसण्याआधी ते जितके लवकर पोचेल तितके बरे.